न धुता परत द्यायचे कपडे

सडक अर्जुनीजवळच्या आमच्या गावातून मी अफगाणिस्तानात गेलो तो कपडे धुवायला. उत्तरेकडच्या त्या छावणीत बऱ्याच देशांच्या फौजा होत्या, सगळ्यात जास्त जर्मन. त्यांचे कपडे आमच्या लाँड्रीत यायचे. प्रत्येकाची जाळीची पिशवी, पिशवीला नंबर. नंबर पाठ झाले होते, चेहरे नाही.

एक चेहरा मात्र ओळखीचा झाला. चाळिशीचा, उंच सार्जंट. एकदा त्याच्या शर्टाच्या खिशात मुलीनं काढलेलं चित्र राहून गेलं होतं. मी ते काढून जपून ठेवलं आणि त्याच्या हातात दिलं. तेव्हापासून तो काउंटरपाशी थांबून दोन शब्द बोलायचा. माझीही मुलगी तेव्हा लहान होती. आम्हा दोघांचंही इंग्रजी मोडकंतोडकं, पण मुलींबद्दल बोलायला तेवढं पुरायचं.

एका सकाळी तो पिशवी देऊन गस्तीवर गेला. दुपारी रस्त्यात पेरलेला बॉम्ब त्याच्या गाडीखाली फुटला. तो आणि ड्रायव्हर, दोघंही गेले.

दुसऱ्या दिवशी पिशवी रॅकवर तशीच होती. आमचा सुपरवायझर केरळचा, आमच्याशी हिंदीत बोलायचा. येता येताच त्यानं मला सांगितलं, "उस बैग को हाथ मत लगाना. उसके लोग आएँगे."

तो नाश्त्याला गेला आणि मी पिशवी उघडली. दोन शर्ट, एक पँट, बनियन, मोजे. कॉलरवर घामाचे पांढरे डाग, शिवणीत तिथली पिठासारखी धूळ. असे मळके कपडे त्याच्या घरी जातील, हे मला पटेना. मशीनमध्ये न टाकता मी ते हातानं धुतले, वाळवले, कडक इस्त्री केली. धुताना रडलोही.

जेवणाच्या सुमारास एक अधिकारी आणि सार्जंटचा एक दोस्त आले, सुपरवायझर त्यांच्यासोबत होता. मी घड्या पुढं ठेवल्या. खरं सांगतो, मला अभिमान वाटत होता.

दोस्तानं वरचा शर्ट उचलून तोंडाला लावला आणि तसाच खाली बाकावर बसला.

"धुतले?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"हो सर. चांगले धुतले."

"त्याच्या बायकोनं सांगितलं होतं, काहीच धुवू नका. तिला त्याचा वास हवा होता. मी काल तुमच्याकडे निरोप दिला होता."

त्यानं सुपरवायझरकडे बघितलं. सुपरवायझरनं माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"माझी चूक, सर," सुपरवायझर म्हणाला. "मी याला सांगायला विसरलो."

धावत जाऊन मी रिकामी पिशवी आणली, ती धुतलेली नव्हती. दोस्तानं ती हुंगली, मान हलवली. वास नव्हताच बहुतेक. तरी त्यानं ती घडी करून छातीशी धरली.

निरोपाच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सगळ्या देशांचे सैनिक उभे राहिले. आम्ही कामगार त्यांच्या मागं. झेंड्यात गुंडाळलेल्या पेट्या गेल्या. पेटीला खांदा देणाऱ्यांत तो दोस्तही होता. मी एका उंच माणसाच्या पाठीआड सरकलो.

आठवड्याभरात लाँड्रीच्या कंपनीनं सुपरवायझरला कामावरून काढून घरी पाठवलं. तो बॅग भरत असताना मी गेलो.

"आपने ऐसा क्यों किया?"

"तेरी बेटी छोटी है. मेरे बच्चे तो कमाने लगे," तो म्हणाला. मग बराच वेळ बॅगेची चेन लागेना, ती मी लावून दिली. त्याचा पत्ता घ्यायचं मला सुचलं नाही.

मी आणखी दीड वर्ष तिथंच राहिलो. पुढं त्या फौजा परत गेल्या, मीही गावी आलो. बायकोला हे सांगायला बरीच वर्षं लागली. ती धान पाखडत होती. ऐकता ऐकता तिचं सूप थांबलं.

"मेलेल्याचे कपडे धुतले, त्याचं काई नाही," ती म्हणाली. "तुमाले का मालूम, तिले वास पायजे होता म्हणून. पण त्या मानसानं तुमची चूक आपल्या अंगावर घेतली, तवा तुमी काऊन चूप रायले?"

"नोकरी गेली असती."

"हो," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.