दुपारी बंद पडणारा बोर्ड

आईला आता भास व्हायला लागलेत, असं माझ्या धाकट्या भावाने फोनवर सांगितलं तेव्हा मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी अमरावतीला राहते, तो अकोल्याला, आणि आई बाळापूरच्या बाहेर आमच्या दोन खोल्यांच्या स्लॅबच्या घरात एकटी. घरामागे तिचा मोगरा आहे. त्याच्या कळ्यांचे गजरे करून ती बसस्टँडजवळच्या हारवाल्याला देते. वडील गेल्यापासून तिचं असंच चाललंय आणि तिला ते असंच हवंय.

झालं होतं असं, की मोठ्या खोलीतला कूलरचा बोर्ड दुपारी बंद पडायचा. पंखा चालू, दिवे चालू, फक्त भिंतीतला हा एक प्लग मेलेला. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कूलर नसेल तर माणूस भाजून निघतं. आईने वायरमनला बोलावलं. तो उन्हं चढायच्या आत आला, बटन दाबलं आणि कूलर फुरफुरत सुरू झाला. तरी त्याने बिचाऱ्याने प्लग बदलून दिला. दुपारी पुन्हा तेच. दुसऱ्यांदा आला तेव्हाही सकाळच होती आणि कूलर मजेत चालत होता. मग भावाने कूलरच गाडीत घालून अकोल्याला नेला. तिथल्या मेकॅनिकने तो दिवसभर चालवला आणि काही बिघाड नाही म्हणून परत दिला.

त्यातच आईने भावाला सांगितलं की सकाळी कूलरचं बटन चालू ठेवून मोगऱ्याला पाणी घातलं की पायाला मुंग्या येतात. त्याने तिला डॉक्टरकडे नेलं, रक्त तपासलं, गोळ्या आणल्या. मुंग्या काही गेल्या नाहीत. तेव्हा त्याने आपल्या घरातली मधली खोली रिकामी केली आणि मला कळवलं, की रविवारी आईला कायमचं घेऊन येतो, मोगरा कोणाला तरी बटईने देऊन टाकू. त्याच्या जिवाला घोर होता हे मला कळत होतं. पण मोगरा दुसऱ्याच्या हवाली करून शहरातल्या मधल्या खोलीत बसलेली आई मला डोळ्यांसमोर आणवेना. मी शुक्रवारची बस पकडली.

पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि बोर्ड बंद. मी वडिलांचा जुना टेस्टर काढून प्लगमध्ये घातला. तो पेटला. म्हणजे करंट येत होता, तरी कूलर हूं की चूं करेना. मी त्या प्लगला, कूलरला आणि घराचं वायरिंग करणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. आई शांतपणे कळ्या निवडत बसली होती. माझं आटोपल्यावर म्हणाली, “मी रोज पाहून राह्यली. मोगऱ्याले पानी देलं का हे चालते. माती वाळली का बंद.”

हे भावाला सांगितलंस का, म्हणून मी विचारलं.

“सांगतलं ना. म्हून तर त्यानं डॉक्टरकडे नेलं.”

मला हसूही आलं आणि संतापही आला. म्हटलं, चल, करून पाहू. तिने आधी बोर्डाचं बटन बंद करायला लावलं, पायात रबरी चपला घालायला लावल्या. गोळ्यांनीही मुंग्या जाईनात तेव्हापासून ती स्वतःही चपला घालूनच तिकडे जात होती. खिडकीखालच्या मोगऱ्याच्या आळ्यातली काळी माती उन्हाने फाटली होती, भेगांत बोट जाईल इतकी. मी बादल्या ओतल्या. मातीने पाणी पिऊन घेतलं. आत येऊन बटन दाबलं आणि कूलर सुरू झाला.

मग मागच्या उन्हाळ्यांत हे कसं नाही झालं? त्याचंही उत्तर तिच्याकडे तयार होतं. दिवाळीनंतर भावाने मोरीच्या पाण्याला पाइप टाकून ते रस्त्यावरच्या नालीत सोडलं होतं. त्याआधी ते पाणी दिवसभर मोगऱ्यात जायचं. जमिनीखाली नेमकं काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं, पण जे आहे ते तिथेच आहे याबद्दल तिला शंका नव्हती.

रविवारी भाऊ गाडी घेऊन आला. वायरमनला मी मुद्दाम भर दुपारी बोलावलं होतं. दोघांसमोर बोर्ड बंद दाखवला, पाणी ओतलं, बोर्ड चालू दाखवला. वायरमनने कपाळावर हात मारला. मेन स्विच पाडून त्याने खिडकीखाली खणायला घेतलं, आणि भिंतीतून उतरलेली एक तार सापडली. तारेच्या टोकाला आमची सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उभी गाडलेली होती. ती चोरीला गेली म्हणून आई कित्येक वर्षं शेजारणीशी धड बोलत नव्हती.

उलगडा मग आईलाच झाला. माझ्या लग्नाच्या उन्हाळ्यात या प्लगची न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, तार भिंतीत जळाली होती, आणि पाहुणे दारात होते. तेव्हा आमच्याकडे न्यूट्रल गेला की लोक सर्रास जमिनीत लोखंड गाडून काम भागवायचे. वडिलांनीही तेच केलं आणि विसरून गेले. ओल होती तोवर करंट मातीतून परत जायचा, माती वाळून लोखंडापासून सुटली की बोर्ड मेला. पायाच्या मुंग्यांचंही कारण तेच. मावशीच्या जिवावर बेतलं असतं, असं वायरमन पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याने तार तोडून टाकली आणि मेन बोर्डापासून नवा न्यूट्रल ओढून दिला.

भाऊ त्या खड्ड्यात माती लोटायला लागला. मी मात्र नुसती आईकडे बघत होते. इतका अभिमान मला माझ्या पोरांच्या निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता. तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या, सगळे तिच्या डोक्यावर संशय घेत होते, आणि ही रोज सकाळ-दुपार माती बघत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिली.

संध्याकाळी भावाने अंगणात जाऊन बायकोला फोन लावला. आई आत नव्या न्यूट्रलवर फुल्ल सोडलेल्या कूलरसमोर गजरा ओवत होती. खिडकीतून त्याचा आवाज येत होता. “खोलीत सामान परत भरून टाक. आई येत नाई. तिचं डोकं आपल्या सगळ्यांपेक्षा शाबूत हाये.”

आईचा हात थांबला. मान तिरकी करून ती ऐकत राहिली आणि मग मला म्हणाली, “त्याले म्हन, जरा जोरात बोल. कूलरच्या आवाजात मले आयकू येऊन नाई राह्यलं.”