श्री आलं की झालं

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘श्री’ दिसलं की हात जोडणारी माणसं मी पाहिली आहेत. मला त्यांची अजून शिसारी येते.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत मी धुळ्यात एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग करायचे. तेव्हा प्रत्येक कंपनीचं मराठी निराळं. कॉम्प्युटर अक्षरं आकड्यांत साठवतो. आमच्याकडे जो आकडा ‘क’ असायचा, तोच आमचं काम छापणाऱ्या जळगावच्या प्रेसमध्ये भलतंच काहीतरी असायचा. म्हणून शेठनं कुठूनसा एक कन्व्हर्टर आणला होता. तो आमची फाइल वाचायचा, आकडे बदलायचा आणि त्याच नावानं परत लिहायचा. जुनी फाइल गेलीच.

मी म्हटलं, “शेठ, आधी तपासू या. सगळी बाराखडी, सगळी जोडाक्षरं एका फाइलीत टाकते, यातून काढते आणि ताडून बघते.”

“तू फार शहाणी!” शेठ म्हणाले.

त्यांची तपासणी ठरलेली. फाइल उघडायची, माथ्यावरचं ॥ श्री ॥ नीट दिसलं की पडद्याला नमस्कार, आणि फ्लॉपी जळगावच्या एसटीत. अहो, श्रीला आख्खा एक आकडा दिलेला, इतर जोडाक्षरांसारखे तुकडे जोडायचे नव्हते; ते बिघडणार कसं? घाण व्हायची ती खाली. पण खाली बघतो कोण! गिऱ्हाइकं तशीच, प्रेसवाले तसेच.

त्या उन्हाळ्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझी आत्या दोंडाईच्याकडच्या खेड्यातून आमच्याकडे आली होती. तिला सगळे अक्काच म्हणत. कानबाईची, आमच्या खानदेशातल्या देवीची, जुनी गाणी आता तिच्या एकटीच्याच तोंडी उरली होती. बरोबरीच्या बायका गेल्या होत्या. भाऊबंदांनी ठरवलं, श्रावणात कानबाईला रोटांचा नैवेद्य दाखवतात त्या दिवशी घरोघर गाण्यांची पुस्तिका द्यायची. अक्का दुकानात माझ्याशेजारी स्टुलावर बसून गायची, मी थेट टाइप करायचे. “सावकाश लिख माय,” म्हणायची आणि कडवं परत धरायची.

गाणी संपली आणि मी घरी जेवायला गेले. तेवढ्यात शेठनं गाण्यांची फ्लॉपी कन्व्हर्टरमधून काढली. श्री दिसलं, फ्लॉपी रवाना. मशीनवरची मूळ फाइलही पुसून टाकली; जागा हवी होती म्हणे. जळगावच्या प्रेसवाल्यानंही श्रीच बघितलं आणि छापलं.

पुस्तिका आल्या. वर ठसठशीत श्री, आणि खाली चौकोन, डॉलर, प्रश्नचिन्हं. मधेच एखादा धड शब्द. एका ओळीचा अर्थ लागेल तर शपथ.

“कानबाईपुढंच ठेवायचंय ना?” शेठ दात कोरत म्हणाले. “वाचतंय कोण?”

रोटांच्या दिवशी बायका पानं उलटून एकमेकींकडे बघत राहिल्या. अक्काला वाचता येत नव्हतं. तिनं पुस्तिकेवरून हात फिरवला, कपाळाला लावली. मी कागद-पेन घेऊन तिच्यापुढं बसले.

“अक्का, सगळी गाणी पहिल्यापासून परत म्हण ना.”

ती हसली. डोक्यावरचा भारा उतरल्यासारखी दिसत होती. पुस्तिका माझ्या हातात देत म्हणाली, “माले काय इचारस माय? बठ्ठा गाणा पुस्तकमा शेतस ना. आते मी भुलनू तरी चाली.”