लडक्याकाकाचे चार कोंबडे

वेवजीच्या आमच्या पाड्यात माझी पिठाची चक्की आहे आणि तिच्या समोरच लडक्याकाकाचं घर. दळणाला आलेल्या बायकांना करमणूक म्हणून त्याचं अंगण पुरायचं. पालथी घातलेली डालगी, प्रत्येकावर दगड, आणि आत एकमेकांना शिव्या घातल्यासारखे आरवणारे कोंबडे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. काकाने तर चार झाकायचे ठरवले होते.

कोंबडे त्याच्या बायकोचे, रूपीकाकीचे, एकाच खुडूक कोंबडीने उबवलेले. काकीची लेक कमळी नरपडला दिलेली, जावई अमृत तिथल्या चिकूवाडीत कामाला. कमळीची दोन पोरं पोटातच गेली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा, २०१७च्या पावसाळ्यात, काकीने गावदेवीला कोंबड्याचा नवस बोलला. लेक सुखरूप बाळंत झाली, पोर हाती आलं, की फेडायचा. काकाला तिने एवढंच सांगितलं की या चारातला एक देवीचा. कुठला ते त्याने विचारलं नाही, कारण कोंबड्या हा काकीचा कारभार. आणि भात कापणीच्या तोंडावर काकी साध्या तापाने गेली.

देवीचा कोंबडा विकायचा नाही, कापायचा नाही, त्याला खोट येऊ द्यायची नाही. पण तो कुठला? काका भगताकडे गेला. हाल्या भगत म्हणाला, "बाळंतपण होव दे, मंग चारी देऊन टाक. तवर सांभाळ." मी म्हटलं, कमळीला विचार, आईने सांगितलं असेल. त्याने मान हलवली. आधीच दोन पोरं गेलेली. देवीचा कोंबडा ओळखू येत नाही, असं पोटुशीला कुठल्या तोंडाने सांगायचं? ती घाबरेल.

दिवाळीपर्यंत कोंबडे वयात आले आणि अंगणाचा आखाडा झाला. तुरे लाल, पायाचे काटे बाभळीसारखे. समोर आले की एकमेकांच्या डोळ्यांवर झेप. अंगणातल्या माद्यांच्या पाठी त्यांनी सोलून काढल्या, शेजारची पोरं काठीशिवाय येईनात. दुसऱ्या कुणाचे असते तर दोन तलासरीच्या बाजारात गेले असते आणि एक टोपात. कळपाला एक नर बस होतो, हे काकाला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"निदान काटे तरी काप," मी म्हटलं.

"खोट नाय चालं देवीला."

मग त्याने पाळ्या लावल्या. एक मोकळा, तिघे डालग्याखाली. जो जास्त माजेल त्याला काखेत दाबून घरभर हिंडायचं, त्याची मान खाली धरून, तो नरमेपर्यंत. काकाचे हात खपल्यांनी भरले. मजुरीला जाणंही सुटलं, कारण डालगी कोण बघणार. "काका, पोटुशी नरपडला आणि डोहाळे तुला," मी एकदा चिडवलं. बाकावरच्या बायका हसल्या. तो हसला नाही.

"हे चारी जगले तं तिचा पोर जगंल, संगीते."

त्यानंतर मी चिडवलं नाही. माणूस इतक्या सरळपणे काही बोलला की माझी जीभ आखडते, एरवी ती कुणाला ऐकत नाही.

पौषात तो रेशनला गेला असताना कुत्र्याने एक डालगं उलथवलं. त्या दिवशी पाळी काळ्या कोंबड्याची, तो मोकळा होता. डालग्यातून निघाला तांबडा. मी चक्की बंद करून धावले तोवर काळ्याच्या चोचीने तांबड्याचं डोकं रक्ताने माखलं होतं. संध्याकाळी तो मेला. काकाने तो शिजवला नाही, घरामागे पुरला.

"हाच व्हता," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"मीच दगड हलका ठेवला."

यापुढे तो काही ऐकून घेईना. उरलेल्या तिघांना तो सांभाळत राहिला, पण काखेत घेऊन फिरणं थांबलं.

माघात अमृतचा फोन माझ्या मोबाईलवर आला. मुलगा झाला होता, पण रडलाच नाही. समोर जाऊन ते मलाच सांगावं लागलं. काका म्हणाला, "माना ठावं व्हता," आणि डालग्यांना पाणी ठेवायला गेला.

कमळी माहेरी आली तेव्हा मी पेज घेऊन गेले. ती उंबऱ्यात बसली होती, पदर दुधाने ओला. काका तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सगळं ओकून टाकलं. आईचा नवस, चार कोंबडे, हलका दगड. "तुझा पोर माझ्यामुळं गेला," तो म्हणाला.

"मेला तो कुठला?" कमळीने विचारलं.

"तांबडा."

तिने अंगणाकडे बोट केलं. "बयेनं माना सांगलेला. देवीचा तो काळा."

काळा मोकळाच होता. तुरा ताठ, एक पीस वाकडं नाही. मला त्या कोंबड्याचा राग आला, आणि खरं सांगते, देवीचाही आला. महिनाभर काका त्या हलक्या दगडाला धरून जगला होता. दोष का होईना, हातात काहीतरी होतं. आता तेही राहिलं नाही. त्याने देवीचा कोंबडा शेवटपर्यंत नीट सांभाळला होता, आणि पोर गेलंच होतं. नवस फळला नाही, म्हणजे फेडायचंही काही नव्हतं.

काका उठला. काळ्याला पकडून त्याने डालग्याखाली घातलं आणि कुंपणाजवळचा मोठा दगड उचलून वर ठेवला.

"आता कशाला झाकतोस, बा?" कमळी म्हणाली.

"दुसऱ्यांना मारंल," तो म्हणाला.