साडूंचे मणी

जगात जे जे म्हणून कडू आहे ते सगळं मण्यात कोंडता येतं, असं मानणारं एकच माणूस मी आयुष्यात पाहिलं आणि ते नेमके आमचे साडू निघाले. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत ते लॅबमध्ये होते. तिथं समुद्रातल्या शेवाळाची पावडर पाण्यात कालवायची, त्यात औषध मिसळायचं आणि कॅल्शियमच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. पडल्या पडल्या थेंबाचा मऊ मणी होतो, औषध आत बंद. पोटात खाली गेल्यावर मग ते सावकाश सुटतं. हे पाहिल्यापासून साडूंना दुसरं काही सुचेना. मोदक दिसला की म्हणायचे, "ही बी एक डिलिव्हरी सिस्टीमच हाय, पाव्हणं." तळताना करंजी फुटली तर बायकोला बॅच रिजेक्ट झाल्याचं कळवायचे. एका लग्नात बुंदी पाडणाऱ्या आचाऱ्याला "थेंब एकसारखा पडंना तुमचा" असं इतक्या वेळा म्हणाले, की त्यानं शेवटी झाराच त्यांच्या हातात दिला. अक्षता पडल्या तरी आमचे साडू कढईपाशीच, नव्या सफारीवर बेसन.

त्याच सुमारास केडगावला आमचे सासरे, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, काविळीतून उठले, पण अंग काही भरेना. वैद्यांनी काडेचिराईताचा कडूजार काढा दिला. मामा तो तोंडात घेत आणि सगळ्यांची नजर चुकवून जास्वंदीच्या मुळाशी थुंकत. जास्वंद वाळली, मामाही वाळत चालले. सासूबाई बोलता बोलता पदर डोळ्याला लावायच्या. मला तर मामांकडे बघवत नसे. साडूंनी मात्र रजा टाकली आणि बिनसुईची सिरिंज घेऊन सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं. दिवसभर टपटप. संध्याकाळी पातेलंभर पिवळसर मणी तयार.

"मामा, चावायचं न्हाई, नुसतं गिळायचं. कडू कळणार बी न्हाई."

मामांनी पातेल्यात वाकून पाहिलं. "माशाची अंडी मी खात न्हाई," म्हणाले आणि कूस बदलली. साडू त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. सासूबाईंनी सकाळी चुकून तेच पातेलं उचललं. साबुदाणा जुना म्हणून पिवळा पडला असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी तो जिरं, मिरची आणि दाण्याच्या कुटात परतला. खरा साबुदाणा शेजारी भिजत राहिला. खिचडी काय केल्या शिजेना, तरी ताटं वाढली गेली. मी पहिला घास चावला आणि मला कानापर्यंत कडू लागलं. साडूंच्या ध्यानात आलं तसे ते ओरडले, "चावू नका! मणी गिळा, मणी!" सासूबाईंनी कपाळावर हात मारला. मामा मात्र एकेक घास सावकाश चावत होते. ताट स्वच्छ झालं.

"मामा, कडू न्हाई लागलं?" साडूंनी भीत भीत विचारलं.

"लागलं की. जीभ हाय न्हवं मला." मामांनी पाण्याचा घोट घेतला. "पर जावईमाणूस रजा टाकून माझ्यापायी चुलीपाशी बसलंय, आन् म्या ताटात टाकू व्हय? आता ते मणी राहू द्या. काढा वाटीत द्या, पितो. पर तुमच्याच हातनं."

मग रोज शिफ्ट सुटली की साडू कुरकुंभहून केडगाव गाठत आणि वाटी मामांच्या तोंडाला लावत. मामा तोंड वेडंवाकडं करत, पण पीत. अंग भरलं, आणि पुढं बरीच वर्षं ते आम्हाला लाभले.

आता मामा नाहीत. चतुर्थीला सासूबाई आम्हा दोघांना खिचडी वाढतात. साडू अजून पहिला घास न चावताच गिळतात, मग डोळे पुसत म्हणतात, ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं सरकवतो.