चारशे बारा उजवे पाय

त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी चारशे बारा माणसांचे उजवे पाय डावे केले. त्यासाठी मला एक ओळ टाइप करावी लागली आणि एकदा ‘हो’ म्हणावं लागलं.

आमच्या कारखान्यात बूट बनतात, पण दुकानात टांगलेले असतात तसले नव्हेत. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्यासाठी त्या एका बुटाला जाड तळ लावून द्यायचा, म्हणजे माणूस सरळ चालतो. माप थोडं चुकलं तर बूट चावतो, पण पायच चुकला तर बिचारा आधी बोटभर लंगडत होता तो दोन बोटं लंगडायला लागतो, आणि तेही पैसे मोजून.

कोणाचा कोणता पाय, हे एकतीस वर्षं ज्या बाई लिहीत आल्या त्यांना सगळे मावशी म्हणतात. साहेब तेवढे ‘बाई’ म्हणतात. पुढच्या खोलीत खिडकीजवळ त्यांचं टेबल. गळ्यात मापाची टेप, समोर गिऱ्हाइकासाठी लाकडी स्टूल, आणि टेबलाखाली त्यांचे स्वतःचे बूट, त्यातल्या उजव्याचा तळ दोन बोटं जाड. मावशी इथे आल्या त्या एकोणिसाव्या वर्षी, मागच्या खोलीत खोकी भरायला. ते काम दिवसभर उभ्याने करायचं. चार वर्षांनी थोरल्या साहेबांनी त्यांचं अक्षर बघितलं, मग त्यांची चाल बघितली, आणि त्यांना मापाच्या खुर्चीवर बसवलं. तेव्हापासून ती खुर्ची त्यांची.

थोरले साहेब गेले, धाकटे आले, आणि धाकट्यांनी मला आणलं. सगळी मापं रजिस्टरातून काढून डेटाबेसमध्ये घालायची आणि मावशींना तो चालवायला शिकवायचं, हे माझं काम. अट साधी होती. महिनाअखेरपर्यंत मावशींना एकटीने जमलं तर ठीक, नाहीतर एजन्सीकडून शिकलेली मुलगी येणार आणि मावशी पुन्हा मागे खोकी भरायला. चोपन्नाव्या वर्षी, उभ्याने, त्या पायावर.

मी स्वतः कुठे मोठा तज्ज्ञ होतो म्हणा. आमच्या शाळेत संगणक एकच, त्यावर प्लास्टिकचं झाकण, आणि ते काढायचा अधिकार फक्त मुख्याध्यापकांना. दहावीपर्यंत मी झाकणच शिकलो. पुढचं सगळं इकडून तिकडून. पण मावशींनी पहिल्याच दिवशी मला ‘गुरुजी’ म्हटलं, आणि टिंगल आहे हे कळूनही मला ते आवडलं.

शिकवायचं साधन म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान. डावीकडे टेबलांची, म्हणजे नोंदींच्या तक्त्यांची, नावं, वर बटणांची रांग. मावशींनी शाळकरी वहीत त्यांच्या भाषेत लिहून घेतलं होतं : ‘बघणे. शोधणे. घालणे. बाहेर काढून ठेवणे. लाल बटणाला हात लावायचा नाही.’

“हे सगळं असतं कुठे?” त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

“सर्व्हरवर.”

“तो कुठे असतो?”

“दुसऱ्या गावात.”

“आणि तिथल्या माणसाने त्याच्यावर चहा सांडला तर?”

मी हसलो आणि त्यांना एक्स्पोर्ट शिकवलं. अख्ख्या टेबलाची नक्कल फाइल करून आपल्या मशीनवर काढून ठेवायची, बस. मावशी रोज निघताना ते करायला लागल्या, दाराचं कुलूप ओढून बघावं तसं. आठवडाभराने मीच म्हटलं, “मावशी, रोज रोज काय काढून ठेवता? चहावाला तिकडे फिरकतसुद्धा नाही. मी आपोआप नक्कल होईल असं लावून देतो, उद्याच.” मावशी ओशाळल्या आणि त्यांनी ते बंद केलं. माझा उद्या काही उजाडला नाही. या गोष्टीला त्या मंगळवारी अकरा दिवस झाले होते. कागदी रजिस्टर त्याच्याही आधी, एक तारखेला, मीच हट्टाने बंद करवलं होतं.

तर मंगळवार. एका गिऱ्हाइकाचा पाय चुकून ‘उजवा’ पडला होता, तो ‘डावा’ करायचा होता. मावशी त्या ओळीवर जाऊन दुरुस्त करणार, तेवढ्यात मला गुरुजीपण सुचलं.

“सरका. आदेश लिहून कसं करतात ते दाखवतो.”

मी लिहिलं : पायाच्या रकान्यात ‘डावा’ भर. कोणाच्या, ते लिहायचं राहिलं. पानाने विचारलं, खरंच करायचं का. मी मावशींकडे बघून, म्हणजे पडद्याकडे न बघता, ‘हो’ दाबलं.

“झालं. किती सोपं बघा.”

मावशी बघत होत्या. टेबल पहिल्या ओळीपासून उघडलं होतं, आणि पहिली ओळ त्यांची स्वतःची होती, कारण सरावाला मी सगळ्यात आधी त्यांचीच नोंद करायला लावली होती.

“गुरुजी,” त्या म्हणाल्या, “माझा पाय कधी बदलला?”

मी बघितलं. डावा. खालचा डावा. त्याच्या खालचा डावा. वर हिरव्या पट्टीत पानाने प्रामाणिकपणे लिहिलं होतं : ४१२ ओळी बदलल्या. एकूण माणसं आठशे त्रेचाळीस. ज्यांचा आधीच डावा होता ते तसेच राहिले, उरलेले चारशे बारा त्यांच्यात जाऊन मिसळले, आणि आता कोण मूळचा आणि कोण नवा, हे सांगायला त्या टेबलात काही उरलं नव्हतं.

“तो मागे जायचा बाण आहे ना,” मावशी म्हणाल्या.

मी बाण दाबला. पान मागे गेलं. पाय गेले नाहीत.

दर दुसऱ्या मंगळवारी चार वाजता नव्या बुटांची यादी तळवाल्या काकांकडे जाते. काका कागदावर लिहिलंय तसा तळ कापतात, कोणाला विचारत नाहीत, आणि कापलेला तळ परत जोडता येत नाही. शिवाय ज्या लॉगिनने मी हे केलं ते मावशींचं होतं. पानावर उजव्या कोपऱ्यात त्यांचंच नाव होतं.

“तुम्ही काढून ठेवलेली शेवटची नक्कल,” मी म्हणालो. “ती आहे का? मी पुसा म्हटलं होतं. जागा खाते म्हणून.”

“पुसली नाही.”

“का?”

“मी काही फेकत नाही,” मावशी म्हणाल्या, आणि पर्समधून किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेला पेन ड्राइव्ह काढला.

मला रडूच आलं असतं. मी फाइल शोधली, इम्पोर्टचं पान उघडलं, जुनं टेबल काढून त्याजागी ही नक्कल बसवायची खूणही केली, आणि शेवटचं बटण दाबणार तोच मावशींनी माझं मनगट धरलं. माप घेताना घोटा धरतात तसं, घट्ट.

“थांब. ही अकरा दिवसांपूर्वीची ना?”

“हो.”

“मग त्यानंतर आलेली माणसं?”

मी माउस सोडला.

“सदतीस आहेत,” त्या म्हणाल्या. “आठशे सहावर काढली होती मी. वहीत आकडा आहे. हे दाबलं की ती सदतीस जातील, नावासकट. आणि आज बूट कोणाचे बनायचेत? त्यांचेच. जुन्यांचे तर त्यांच्या पायात आहेत.”

बाण दाबल्यापासून त्यांनी मला गुरुजी म्हटलं नव्हतं, आणि ‘तू’ कधी सुरू झालं ते दोघांनाही कळलं नाही.

मग जे झालं त्याचं श्रेय मला घेता येत नाही. मावशींनी विचारलं, जुनी फाइल वेगळ्या नावाने शेजारी ठेवता येते का, जुनं रजिस्टर नव्याच्या शेजारी उघडून ठेवायचो तसं. येते. मग एकेका क्रमांकाचा पाय जुन्यातून नव्यात उतरवता येतो का, बाकी कशाला हात न लावता. येतो. हे मला येत होतं. फक्त घाबरलेल्या माणसाला जे येतं ते आठवत नाही. आदेश मी लिहिला. ‘क्रमांक दोन्हीकडे सारखा असेल तिथेच’ ही अट मावशींनी बोट ठेवून तीनदा वाचली आणि मगच ‘हो’ दाबू दिलं.

पहिली ओळ उघडली. मावशींचा पाय उजवा झाला होता. त्यांनी तरी टेबलाखाली एकदा बघून घेतलं.

“आणि तो मूळचा? ज्याच्यासाठी हे सगळं केलं?”

त्याचा, अर्थातच, पुन्हा चुकीचा झाला होता. त्या चारशे बारांत सकाळपासून तो एकटाच बरोबर होता. मावशींनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. एका बोटाने, वहीत बघत, त्यांनी आदेश लिहिला, आणि कोणाच्या हे सगळ्यात आधी लिहिलं. हिरवी पट्टी आली : १ ओळ बदलली. मावशी त्या ‘१’कडे बराच वेळ बघत राहिल्या.

एव्हाना दीड वाजला होता. तळवाले काका दारातून डोकावले. “यादी?”

“चारला,” मावशी म्हणाल्या.

“लवकर दिली तर मी काही रागावणार नाही.”

राहिले सदतीस. मी म्हटलं, “तुम्हीच मापं घेतलीत, आठवत असतील की.”

“आठवतात. पण आठवलेलं रकान्यात घालत नाही मी. तिथे विचारून घातलेलं असतं.”

म्हणून फोन. त्या एकावरून, मी दुसऱ्यावरून. माणसाला अचानक फोन करून तुमचा आखूड पाय कोणता असं विचारणं सोपं नसतं. एकाने मला शिव्या घातल्या. एका बाईंनी विचारलं, “डावा म्हणजे माझ्या बाजूने की तुमच्या?” मी गडबडलो. मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला. “लिहिता कोणत्या हाताने? उजव्या ना. त्याच बाजूचा पाय की पलीकडचा? बरं. पुन्हा एकदा, हात लावून सांगा.” सगळ्यांना त्या दोनदा विचारत होत्या. मला मात्र घड्याळ दिसत होतं.

तीन वाजता साहेब आले. बावीस झाले होते. मी घाईत फोन ठेवला.

“काय चाललंय?”

“सराव,” मी म्हणालो.

साहेबांनी मावशींकडे बघितलं. “अजून सरावच? महिना संपायला सहा दिवस राहिले, बाई.”

मावशी एक शब्द बोलल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो. त्या म्हणाल्या, “हो साहेब,” आणि पुढचा नंबर फिरवला.

साहेब केबिनमध्ये गेले. मी आणखी दोन फोन केले. दुसऱ्या फोनवर काय उत्तर आलं तेच माझ्या लक्षात राहिलं नाही, परत करावा लागला. मग मी उठलो.

केबिनमध्ये मी सगळं सांगितलं, उभ्यानेच.

“लॉगिन बाईंचं होतं?”

“हो. बोटं माझी.”

“नक्कल कोणी ठेवली होती?”

“त्यांनी. मी पुसायला सांगितलं होतं.”

“आणि वाचवायचं कसं, ते कोणी सांगितलं?”

“त्यांनीच.”

“मग तू काय केलंस?”

“मी घाबरलो, साहेब.”

“त्या डेटाबेसमध्ये तुला किती अधिकार आहेत?”

“सगळे.”

“आणि बाईंना?”

“मी दिले तेवढे.”

“उलटं कर. आणि एजन्सीला कळव, मुलगी नको म्हणावं.” मी दारापाशी पोचलो तेव्हा ते म्हणाले, “आत्ता तरी.”

ते ‘आत्ता तरी’ मी मावशींना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना माप मिळालं असावं.

चार वाजून दहा मिनिटांनी यादी गेली. सदतिसांपैकी छत्तीस. एक आजोबा होते, माप देताना गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेले, त्यांचा फोन बंद होता. मावशींना वाटत होतं, उजवा. मी म्हटलं, भरून टाका, तुमचं कधी चुकलंय. त्यांनी तो रकाना रिकामा केला आणि रिकामाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना अधिकारांचं पान उघडून दिलं आणि अधिकार कसे द्यायचे ते शिकवलं. माझ्या नावापुढे बारीक चौकटींची मोठी रांग होती. मावशींनी चष्मा लावला, वही काढली, सगळ्या खुणा एकेक करून काढल्या आणि एकच ठेवली : बघणे.

“आणि मला काही बदलायचं असलं तर?”

“मला सांगायचं, गुरुजी. मी विचार करीन.”

आता नक्कल रोज रात्री आपोआप निघते, तेवढं मी शेवटी लावून दिलं. मावशी तरीही निघताना एक काढतात आणि किल्ल्यांना अडकवून नेतात. मी हसत नाही.

पडद्याच्या कडेला त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे : ‘गुरुजींकडे बाकी, एक पाय.’ काकांच्या फळीवर आजोबांचे बूट तळावाचून उभे आहेत, आणि मंगळवार आला की काका माझ्याकडेच बघतात. मी रोज सकाळी आल्या आल्या तो नंबर लावतो. तीन आठवडे तो बंद होता. काल पहिल्यांदा घंटी गेली. पूर्ण वाजली, कोणी उचलला नाही.