भुशाला गिऱ्हाईक आलं

गोंदियाकडच्या सौंदडजवळ एका राईस मिलमध्ये मी १९९९ साली सुपरवायझर म्हणून लागलो. बी.एस्सी. झालो होतो, मास्तरकीसाठी अर्ज करून कंटाळलो होतो. सुपरवायझर हा शब्द मोठा, काम साधं. धानाच्या गाड्या उतरवून घ्यायच्या, धानात ओल किती आहे ते दाताखाली दाणा फोडून बघायचं, तांदळात तुकडा जास्त पडायला लागला की मिस्त्रीला सांगायचं. आणि मिलच्या मागे साठणाऱ्या भुशाचं काय करायचं तेही बघायचं.

भुसा म्हणजे धानाचं वरचं टरफल. जनावर तो खात नाही आणि शेतात टाकला तर लवकर कुजत नाही. मिलच्या मागच्या पाइपातून तो दिवसभर उडायचा आणि त्याचा डोंगर व्हायचा. डोंगर कुंपणाला टेकला की मिलचा मालक, सेठ, आग लावायला सांगायचा. भुसा भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. एकदा पेटवला की पंधरा-वीस दिवस धूर. वारा गावाच्या दिशेनं असला की विहिरीच्या पाण्यावर काळी राख तरंगायची. लोक फाटकावर येऊन बोलून जायचे आणि मी त्यांचं बोलणं सेठपर्यंत पोचवायचो.

"जलाऊँ नहीं तो रखूँ कहाँ? सिर पे?" सेठ म्हणायचा.

सेठ वाईट माणूस नव्हता. एकदा एका हमालाचा हात मशीनच्या पट्ट्यात सापडला तेव्हा स्वतःच्या गाडीतून त्याला गोंदियाला घेऊन गेला होता, दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला होता. पण प्रत्येक गोष्टीला त्याचा एकच प्रश्न असायचा, यातून सुटतं काय? धूर बंद करून काही सुटत नव्हतं.

भुसा हवा असणारी माणसं गावात थोडीच होती. त्यात एक मुरमुरेवाली होती. पन्नाशीची, नवरा वारलेला, मुलगा रायपूरकडे कामाला. घराच्या पडवीत तिची भट्टी होती. कढईत वाळू तापवायची, त्यात मीठ लावलेला तांदूळ टाकायचा, काड्यांच्या झाडणीनं फिरवायचा, फुलला की चाळून काढायचा. भट्टीत एका हातानं मूठमूठ भुसा टाकत राहायचं. स्टेशनवर ती मुरमुरे विकायची आणि महाशिवरात्रीला आमच्याकडच्या प्रतापगडच्या यात्रेत दुकान लावायची. वर्षभराची तिची खरी कमाई त्या यात्रेतली. आठवड्यातून दोनदा ती पोती घेऊन यायची, भरायची, जायची. कुणी तिला कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी परवानगी मागितली नाही. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला बाबू.

पाच-सहा वर्षांनी एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस मिलवर आला. भुशापासून वीज करणारा कारखाना निघाला होता, त्याला भुसा हवा होता. त्यानं टेबलावर चकचकीत फोल्डर ठेवलं. त्यावर हिरवं पान छापलेलं होतं. कोळसा वाचेल, हवा साफ राहील, असं तो समजावत होता. सेठनं ते ऐकून घेतलं आणि भाव विचारला.

महिन्याभरात भुशाचा डोंगर उचलला गेला. रिकाम्या जागेवर टिनाचं शेड उभं राहिलं आणि शेडच्या दाराला कुलूप लागलं. धूर थांबला, विहिरी स्वच्छ झाल्या. मला मनापासून बरं वाटलं. इतकी वर्षं निरोप पोचवून जे झालं नाही ते कारखान्याच्या एका ट्रकनं केलं होतं. गोंदियाला एका कार्यक्रमात सेठचा शाल देऊन सत्कार झाला. त्याचं भाषण मीच लिहून दिलं होतं. त्यात पर्यावरण हा शब्द चारदा होता आणि चारही वेळा तो अडखळला.

मग मावशी पोती घेऊन आली.

"काऊन बाबू, भुशाले कुलूप कायले लावलं?"

"आता तो विकला जाते, मावशी. कोणालेच द्यायचा नाही म्हणून सेठनं सांगितलं."

"मले बी नाई?"

"तुम्हाले बी नाही."

तिनं पोती खाली ठेवली. "शिवरात्र आली तोंडावर. भट्टी कायवर पेटवू? मी का फुकट मांगून राहिली? पैसे घे."

मी सेठकडे गेलो. तो म्हणाला, "एक को दूँगा तो कल दस आएँगी." त्यात खोटं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी खरंच चार बायका आल्या, त्यांच्या घरीही भुशाच्या शेगड्या होत्या. त्यांनाही परत पाठवायचं काम माझंच होतं आणि ते मी केलं. मावशीला सांगताना मी तिच्याकडे न बघता शेडच्या दाराकडे बघत होतो, हे मला अजून आठवतं.

चार-पाच दिवसांनी तिच्या घरावरून जाताना मी आत डोकावलो. भट्टीत लाकडं होती. टोपल्यातले मुरमुरे लालसर पडले होते, काही करपलेले.

"लाकडाची आग भडकते," ती म्हणाली. "भुसा कसा, आपण म्हणू तेवढाच जळते. हे पाय, कोण घेईल हे?"

लाकूड ती आणि तिची जाऊ जंगलातून आणत होत्या. सकाळी जायचं आणि दुपारी डोक्यावर मोळी घेऊन यायचं. एकदा वनरक्षकानं त्यांची कुऱ्हाड ठेवून घेतली. बाकीच्या बायकाही आता तिकडेच जायला लागल्या होत्या. कोळसा वाचत होता हे खरं. आमच्या गावापुरतं बोलायचं तर जंगल तुटायला लागलं होतं, हेही खरं. फोल्डरमध्ये ही गोष्ट कुठे नव्हती आणि त्या माणसाला ती ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं.

त्या पावसाळ्यात शेडच्या एका कोपऱ्याचं टिन फाटलं. कारखाना ओला भुसा घेत नव्हता, ट्रक परत पाठवायचा. टिन बदलून घेणं माझं काम होतं. मी ते बदललं नाही. पाऊस आला की कोपऱ्यातला भुसा भिजायचा आणि मी तो मावशीला न्यायला सांगायचो. ती तो उन्हात पसरून वाळवायची. तिचं एकटीचं भागेल इतकाच तो असायचा. दिवाळी होईपर्यंत असं चाललं. मग सेठ स्वतः शेडमध्ये आला आणि त्यानं वर बघितलं.

"टिन क्यों नहीं बदला?"

"राहून गेलं."

दोन दिवसांत नवं टिन बसलं. मला त्यानं काढलं नाही, त्याबद्दल पुन्हा बोललाही नाही. पण पुढे शेडची किल्ली माझ्याकडे राहिली नाही.

विजेचा कारखाना काही वर्षंच चालला. भुशाला मागणी आहे म्हटल्यावर आजूबाजूच्या सगळ्याच मिलवाल्यांनी भाव वाढवला. आमचा सेठ त्यात पुढे होता. कारखान्याला ते झेपेना. आधी ट्रक कमी झाले, मग बंद झाले. शेड गच्च भरलं आणि भुसा पुन्हा बाहेर साठू लागला.

"वो मुरमुरेवाली को बुलाओ," सेठ मला म्हणाला. "जितना चाहिए ले जाए."

मी तिच्या घरी गेलो. पडवीत भट्टी नव्हती. त्या जागी कोंबड्यांचा खुराडा होता. ती आता मशीनवर फुगवलेले मुरमुरे गोंदियाहून पाकिटात आणून स्टेशनवर विकत होती.

"आता नोको, बाबू. भट्टी लिपाले हात नाई राहिले माझे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिनं विचारलं, "ते विजेवाले काऊन गेले?"

"त्यायले परवडलं नाही."

"आन् सेठले?"

"सेठले परवडलं."

ती हसली आणि मला बसायला पाट दिला. चहा झाला. मुलाला रायपूरला पक्की नोकरी लागल्याचं तिनं सांगितलं.

त्या उन्हाळ्यात पुन्हा धूर झाला. नंतर सेठनं उसना तांदळासाठी बॉयलर बसवला. उसना म्हणजे धान भिजवून, उकडून मग भरडायचं. बॉयलरमध्ये सगळा भुसा खपू लागला. पण धान भिजवलेलं आंबूस पाणी मागच्या नाल्यात जाऊ लागलं आणि नाल्याकाठची माणसं फाटकावर यायला लागली. त्यांचं म्हणणं मी पहिल्यांदाच लेखी घेतलं, त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि एक प्रत तहसील कार्यालयात देऊन आलो. सेठला हे मीच सांगितलं. त्यानं या वेळीही मला काढलं नाही. पण त्याच्याविरुद्ध तक्रार देऊन त्याचाच पगार घेणं मला जमेना, महिनाअखेरीस मी नोकरी सोडली. त्या आंबूस पाण्यासाठी टाकी बांधली गेली ती पुढच्या वर्षी, मी तिथे नसताना.