दुपट्ट्याखालचा सौदा आणि तिसरा मजला

वर्गात मला बसवत नाही. पहिल्या दिवशी बसवत नव्हतं, आजही बसवत नाही. रविवारी सकाळी अभ्यासकेंद्राच्या त्या अरुंद बाकावर पाय आखडतात, खिशात फोन थरथरत राहतो, आणि तिकडे मी विकायला काढलेला जुना ट्रॅक्टर बघायला आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे निघून जाईल ही धास्ती असतेच. तरी मी जातो. या वयात राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करतो आहे. कारण विचारलं तर सरळ सांगतो : राग.

राग आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर. प्रताप नगरातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मी सगळ्यात वर, तिसऱ्या मजल्यावर राहतो. घर घेतलं तेव्हा वरचं स्वस्त पडत होतं आणि माझी माय ठणठणीत होती. पुढे तिचे गुडघे गेले. धंतोलीतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. घरात चाला, जिना मात्र टाळा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडते आणि वरूनच भाजीवाल्याशी घासाघीस करते.

"वरून सगळे वांगे सारखेच दिसतेत गा," ती म्हणते. "हातात घेतल्याबिगर भाव कसा करू?"

रामटेककडच्या आठवडी बाजारात जिचं आयुष्य गेलं, तिला वांगं हातात घेता येऊ नये, याचा अर्थ मलाच कळतो. म्हणून मी सभेत लिफ्टचा विषय काढला. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही सौदे करणारे लोक. इथे प्रक्रिया असते. ती आधी समजून घ्या, मग बोला."

मी जनावरांच्या बाजारात दलाली करत मोठा झालो. कोणी बोट धरून वर आणलं नाही. ते वाक्य मी अजून गिळलेलं नाही. म्हटलं, प्रक्रिया शिकतो आणि मग दाखवतोच. त्याच महिन्यात प्रवेश घेतला. फी थोडी कमी होते का तेही विचारलं. नाही होत.

पहिल्या तासाला आल्या त्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. राज्यशास्त्र म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. वर्गातून उत्तरं आली : निवडणूक, पक्ष, संविधान, खुर्ची. मागून एक जण म्हणाला, "लुच्चेगिरी." हशा झाला. मॅडमनी सगळं फळ्यावर लिहिलं आणि म्हणाल्या, "हे सगळं यात येतं. पण विषय याच्या आधी सुरू होतो. काही माणसं एकत्र राहतात, त्यांची मतं जुळत नाहीत, आणि तरी सगळ्यांसाठी एकच गोष्ट ठरवायची असते. तिथून."

मला राहवलं नाही. "त्यात काय शास्त्र? सौदा करायचा."

"सौदा पटला नाही तर तुम्ही काय करता?"

"उठून जातो. दुसरा बैल, दुसरा बाजार."

"आणि देश पटला नाही तर?"

"अमेरिका!" मागचा तोच ओरडला.

मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, "बाकीच्यांना उठून जाता येत नाही. त्यांना हरल्यावरही तिथेच राहायचं असतं. हरलेला माणूस का ऐकतो, हा आपल्या विषयातला एक जुना प्रश्न आहे."

त्यांनी उदाहरण दिलं. चौकात लाठी घेऊन गुंड उभा राहिला तर गाडी थांबते. पोलिसाने हात दाखवला तरी थांबते. मग फरक काय? गुंड गेला की आपण लगेच निघतो. पोलिसाचा मात्र थांबवण्याचा हक्क आपण मनातून मानलेला असतो. नुसती ताकद म्हणजे सत्ता, आणि तिला लोकांनी मनातून दिलेली मान्यता म्हणजे अधिमान्यता.

"काका, तुम्ही थांबता का पण सिग्नलवर?" शेजारच्या पोरीने विचारलं.

"पोलीस असला तर," मी म्हणालो. वर्ग पुन्हा हसला. मला हे सगळं फिजूल वाटत होतं. मला एवढंच पाहिजे होतं की सभा जिंकायची कशी. बहुमताचं प्रकरण आलं तेव्हा मी सरसावून बसलो. निम्म्याहून जास्त हात वर पाहिजेत. बस, एवढंच? हे तर मला येतं.

जनावरांच्या बाजारात आम्ही भाव तोंडाने बोलत नाही. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारी उभ्या असलेल्यालाही कळत नाही. हातातला भाव हातातच राहतो. बाहेर बोलला तो दलाल संपला. ही आमची इमानदारी आहे, आणि तिच्या जोरावर मी घर घेतलं.

तसाच मी दारोदार फिरलो. तळमजल्यावरचे काका शेतकरी घरातले. त्यांनी तर हसत हसत खरोखरच माझ्या दुपट्ट्याखाली हात घातला. त्यांना म्हटलं, लिफ्टची वर्गणी तुम्हाला माफ. पहिल्या मजल्यावरच्यांना निम्मी सांगितली. दुसऱ्या मजल्यावर एक शिक्षिकाबाई राहतात. त्यांनी काही मागितलंच नाही, म्हणून त्यांना पूर्ण. खोटं मी कोणाशीच बोललो नाही. ज्याचा त्याचा भाव वेगळा. सेक्रेटरींच्या दारात फक्त गेलो नाही. घरी येऊन मायला म्हटलं, "दिवाळीची खरेदी तू खाली उतरून करशील." तिने तिची बाजाराची जुनी पिशवी धुऊन वाळत टाकली.

सभा नेहमीप्रमाणे खाली पार्किंगमध्ये भरली. सेक्रेटरींनी विषय वाचला आणि म्हणाले, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत."

हात निघालेच होते, तेवढ्यात शिक्षिकाबाईंनी विचारलं, "वर्गणी सगळ्यांची सारखीच ना?"

"आमची तं माफ हाय," तळमजल्याचे काका भोळेपणाने बोलून गेले.

"माफ? मग आमची निम्मी काहून?" पहिल्या मजल्यावरच्यांमधून आवाज आला.

"निम्मी? मला तर पूर्ण सांगितली!" शिक्षिकाबाई म्हणाल्या.

सगळे माझ्याकडे वळले. बाजारात असं कधी होत नाही, कारण बाजारात सगळ्यांना एकाच वेळी हात वर करावा लागत नाही. मी ओरडलो, खुर्ची ढकलली, जे बोलू नये ते बोललो. एकही हात वर गेला नाही. सेक्रेटरी फक्त म्हणाले, "विषय स्थगित." आवाज न चढवता. तेच जास्त झोंबलं.

वर माय गॅलरीत उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार. पिशवी तारेवर तशीच होती.

पुढच्या रविवारी मी वर्गात तणतणत शिरलो. "तुमच्या शास्त्रानं माही लिफ्ट गेली."

मॅडमनी सगळी हकिकत ऐकून घेतली. मग विचारलं, "तुम्ही लोकांना काय विचारलंत?"

"काय घेशील, असं."

"लिफ्ट असावी का, असं कोणाला विचारलंत?"

मी खिशातला फोन काढला, उगाच बघितला, परत ठेवला.

"आणि तुमच्या घरातून मत कोणाचं?"

"माहं."

"घर कोणाच्या नावावर आहे?"

आता खरं सांगावं लागलं. बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात सूट मिळते, म्हणून घर मायच्या नावावर होतं. सभासद ती. तिच्या जागी आजवर मी बसत आलो, कोणी हरकत घेतली नव्हती.

"म्हणजे जिच्यासाठी सभा, जिचं मत, तीच सभेत नव्हती," मॅडम म्हणाल्या. "कारण तिला जिना उतरता येत नाही." आणि त्या फळ्याकडे वळल्या, जणू काही विशेष बोलल्याच नाहीत. त्या तासाचं पुढचं मला काही आठवत नाही.

घरी येऊन मायला विचारलं. ती म्हणाली, "सभा वर बोलाव."

असं आमच्या इमारतीत कधी झालं नव्हतं. सेक्रेटरींनी नियम पाहिले आणि म्हणाले, जागेचं बंधन नाही, येऊ. आले. सगळेच आले, जिने चढून. सेक्रेटरी पहिल्या मजल्यावरचे, तरी दारात पोचेपर्यंत त्यांचा श्वास फुलला होता. मायने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बसा साहेब. आधी दम घ्या, मंग भांडू."

मग तिने विषय काढला, सगळ्यांदेखत. "मले खाली उतरायचं हाय. लिफ्ट पाहिजे का नको, हे आधी बोला. पैशाचं मंग. आमी सगळ्यात वर, तं आमची वर्गणी सगळ्यात जास्त. खाली खाली कमी होत जाऊ द्या. तळमजल्याची थोडीशी, पण माफ कोणालेच नाई."

मी तडकलो. कोणता दलाल पहिल्याच शब्दात आपला सगळ्यात मोठा भाव सांगतो? "माय, पहिलाच भाव एवढा?"

"तू चूप बस गा. मत माह्यं हाय."

सगळे हसले. मी सोडून. बराच वाद झाला. तळमजल्याचे काका कुरकुरले, शिक्षिकाबाईंनी मायची बाजू घेतली, एक जण रागावून दारापर्यंत गेला आणि परत आला. पण जे झालं ते तोंडावर झालं. हात मोजले. ठराव झाला, जेमतेम बहुमताने. सेक्रेटरींचा हात खालीच राहिला. त्यांना आवाजाची भीती होती, खर्चाचीही.

आणि मग त्यांनीच मांडीवर वही घेऊन तो ठराव लिहिला, शांतपणे, सुवाच्य अक्षरात. मी दार धरून उभा होतो, कारण बसवत नव्हतं. ते निघाले तेव्हा जिन्यात गाठलंच.

"तुम्ही तर विरोधात होता. मग लिहिलं कसं?"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मला प्रश्न पडावा याचंच त्यांना नवल वाटलं. "ठराव झाला ना," म्हणाले, आणि कठडा धरून उतरत गेले.

त्यांच्या जागी मी असतो तर वही फेकून दिली असती. हे मला झोपू देत नाही. 'सौदे करणारे लोक' हे त्यांचं वाक्य मी त्यांना अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण राग धरायला आता पूर्वीसारखी मूठ वळत नाही. अधिमान्यतेवर परीक्षेत प्रश्न येणार, असं मॅडम म्हणतात. उदाहरण कोणाचं द्यावं लागणार हे मला ठाऊक आहे, आणि त्याचीच चीड येते.

जिन्याशेजारी लिफ्टचा खड्डा खोदून झाला आहे. पुढच्या परवानगीसाठी काम अडलं आहे. मी रोज महापालिकेत खेपा घालतो, रोज भांडतो. माय अजून टोपलीच सोडते. काल भाजीवाला टोपलीला हसला, तशी खाली वाकून त्याला म्हणाली, "हसून घे, हसून घे. थोडेच दिवस. मंग मीच येते खाली."

"या ना आजी," तो खालून ओरडला. "आतापासूनच भाव चढवून ठेवतो!"